गोरक्षकरांची गाडी शीवच्या पुढे जाईना

जेवणाच्या टेबलावर चौथं यंत्र आलं, तेव्हा उर्मिलाबाई गोरक्षकरांनी कोलंबीच्या सांबाराचं पातेलं मुद्दाम त्याच्या शेजारीच आदळलं. थोडा रस्सा उडाला. शरदचंद्रांनी लगबगीने खिशातून रुमाल काढला आणि पुसलं काय, तर यंत्र. टेबलावरची चादर तशीच राहिली.

"हे बघ, याचा पडदा सात इंची आहे," ते कौतुकाने म्हणाले. "खास मोठ्या गाड्यांसाठी. गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन सगळं विचारतं आणि मगच रस्ता दाखवतं."

"मला कसला पडदा दाखवताय? मला दिसतो का तो?"

ते मान खाली घालून वायर सोडवत बसले. नवीन यंत्राची वायर सोडवताना या माणसाला जग दिसेनासं होत असे, आणि ज्या बाईला खरोखरच जग दिसेनासं होत होतं, ती समोर उभी राहून भात वाढत होती. संताप येईल नाही तर काय होईल?

उर्मिलाबाईंचे डोळे मधोमध विझत चालले होते. कडेकडेचं सगळं शाबूत, पण जिथे नजर लावावी नेमका तिथेच धुरकट डाग. परळच्या डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की, याने वेग कमी होईल, पण थांबणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या.

बघायचं एकच राहिलं होतं. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत बाईंनी उभा जन्म भूगोल शिकवला. दरवर्षी सातवीच्या वर्गात नर्मदा काढायची वेळ आली की त्या खडू अमरकंटकला टेकवत आणि एका दमात पश्चिमेला भडोचपर्यंत ओढत नेत. हात इतका बसलेला की मुलींकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता नदी काढत. पोरी टाळ्या वाजवत. पण ती नदी जिथून निघते, ते अमरकंटक बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत अमरकंटकला कोण जातं? सुट्टी म्हणजे सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलाचे, म्हणजे सिद्धांतचे क्लास, आणि फार तर चार दिवस माथेरान. आता त्यांना ती सगळी नदी मुखापासून उगमापर्यंत काठाकाठाने बघायची होती. निदान जेवढी दिसेल तेवढी.

आगगाडीने जाता आलं असतं, विमानानेही निम्मी वाट झाली असती. पण परक्या हॉटेलात, परक्या न्हाणीघरात, न दिसणाऱ्या पायऱ्यांवर त्या आता धडपडत. गेल्या वर्षी एका लग्नाला पुण्याला गेल्या, तर हॉटेलातल्या काचेच्या दारावर कपाळ आपटून घेतलं. म्हणून चाकावरचं घर. हात लावीन तिथे वस्तू, चार पावलांवर पलंग, दोन पावलांवर संडास. ही कल्पना शरदचंद्रांचीच होती, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. एका मिनीबसचा सांगाडा घेऊन त्यांनी तो रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत विल्फ्रेड परेरा या सुताराच्या स्वाधीन केला. विल्फ्रेडची मुलगी लॉरा बाईंच्या हाताखाली शिकलेली. बाईंसाठी म्हणून त्याने आतलं काम असं केलं की कुठेही टोक राहू दिलं नाही. कपाटांचे कोपरे गोल, ओट्याची कड गोल, दारांच्या मुठी हाताला सहज सापडतील अशा. बाईंनी पहिल्यांदा आत जाऊन सगळीकडून हात फिरवला तेव्हा त्यांना रडूच आलं होतं.

हे झालं दिवाळीच्या आधी. आता होळी जवळ आली होती आणि गाडी अजून वखारीतच उभी होती. कारण काय, तर यंत्र ठरत नव्हतं.

शरदचंद्रांची सगळी नोकरी गोदीत झाली, नकाशांच्या दुरुस्तीत. समुद्राचे नकाशे म्हणजे एकदा छापले आणि झालं असं नसतं. कुठे खुणेचा तरंगता बोया सरकतो, कुठे गाळ साचतो, कुठे एखादं बुडालेलं तारू सापडतं. दर आठवड्याला तशी पत्रकं येत आणि शरदचंद्र बारीक टाकाने, जांभळ्या शाईने, त्या त्या जागी दुरुस्ती करून खाली तारीख घालत. दुरुस्त न केलेल्या नकाशावर जहाज धक्का सोडत नाही, हे वाक्य त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोला ऐकवलं होतं. तेव्हा तिला ते ऐकून फार भारी वाटलं होतं. आता तेच वाक्य ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक जाई.

कारण या गृहस्थांनी यंत्राची परीक्षा कुठे घ्यावी? तर मुंबईत! दर रविवारी सकाळी ते यंत्र घेऊन रे रोडला जात, गाडी काढत आणि लालबाग, परळ, दादर करत शीवपर्यंत नेऊन परत आणत. वाटेत यंत्राने एक जरी चूक केली, तरी ते नापास. आणि या शहरात चूक न होऊन सांगते कोणाला? एक पूल पाडायला घेतलेला, दुसरा बंद, तिसरा नवाकोरा उघडलेला. मेट्रोच्या पत्र्यांनी काल होता तो रस्ता आज नाही. कालपर्यंत दुतर्फा असलेली गल्ली आज एकेरी. पहिलं यंत्र ट्रकवाल्यांचं होतं. त्याने परळच्या पाडायला घेतलेल्या पुलावरून खुशाल सरळ जायला सांगितलं. नापास. दुसरं सिद्धांतने रॉटरडॅमहून पाठवलं, खास मोटरहोमसाठी बनवलेलं. त्याला फ्रान्समधल्या गावागावातले बुटके पूल पाठ होते, पण भारत नावाचा देश त्याच्या पोटात नव्हताच. सिद्धांत फोनवर म्हणाला, "सॉरी बाबा, मला वाटलं मॅप डाउनलोड होईल." तिसऱ्याने लालबागच्या उड्डाणपुलाखाली उभं असताना आपण पुलावर आहोत असं ठासून सांगितलं. शरदचंद्रांनी त्या कंपनीला चुकांचं टिपण पाठवलं, तारखांसकट. कंपनीने आभार मानले.

"अहो, आपल्याला लालबागला जायचंय का?" उर्मिलाबाई म्हणाल्या होत्या. "जन्म काढला इथे. शीवपर्यंत मी तुम्हाला डोळे बांधून नेईन. यंत्र हवंय ते शीवच्या पुढे!"

"जे यंत्र घरच्या रस्त्यावर चुकतं, ते जंगलात बरोबर सांगेल कशावरून?"

आता याला काय बोलणार! इमारतीतले लोक म्हणत, काका, फोनवर लावा की, सगळं जग लावतं. तर हे त्यांना समजावत बसत की, फोनला गाडीची उंची कळत नाही, तो साडेदहा फुटी गाडी सायकलच्या बोळात घालतो. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि याचाच उर्मिलाबाईंना जास्त राग येई. धडधडीत खोटं बोलणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. प्रत्येक वाक्य खरं बोलून एक पाऊल पुढे न टाकणाऱ्याशी कसं भांडायचं?

त्यातून चौथं यंत्र हे आलेलं. याच्यात गाडीची उंचीबिंची भरून झाली, पुलांची माहिती चढवून झाली. याच्यात आणखी एक सोय होती. पडद्यावर बोट ठेवलं की तिथे लिहिलेलं ते हिंदीतून मोठ्याने वाचून दाखवत असे. शरदचंद्रांनी ती सोय पहिल्याच दिवशी आवर्जून चालू केली. "तुझ्यासाठी," ते म्हणाले. त्या रात्री बाईंनी त्यांच्या पोळीवर तूप जरा जास्त सोडलं.

शनिवारी विल्फ्रेडचा फोन आला.

"बाई, रागावू नका, पण गाडी काढा आता. मला जागा पायजे. दुसरी बस येतेय बनवायला. सर दर रविवारी येतात, फिरवतात, परत लावतात. माझी पोरं हसतात हो."

"उद्या काढते," बाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. रात्रीच दोघांचे कपडे भरले, औषधं भरली, चटणीच्या बाटल्या, कोलंबीच्या सांबाराचा घरचा पारभी मसाला, चष्मे, टॉर्च. सकाळी शरदचंद्र नेहमीप्रमाणे परीक्षेला निघाले, तर बायको दोन बॅगा घेऊन दारात उभी.

"हे काय?"

"मीपण येते. बघू तरी काय परीक्षा घेता."

"बॅगा कशाला?"

"विल्फ्रेडकडे ठेवायच्यात. चला, टॅक्सी थांबलीय."

वखारीत सागाच्या भुशाचा वास भरून राहिला होता. रविवार असल्याने करवती बंद होत्या. शरदचंद्रांनी यंत्र काचेला चिकटवलं, मागे-पुढे करून सरळ केलं आणि शीव टाकलं. यंत्राने बराच विचार केला. मग त्यातली बाई म्हणाली, "आपके वाहन के लिए कोई मार्ग उपलब्ध नहीं है।"

त्यांनी ठाणे टाकलं. मार्ग नाही. भडोच टाकलं. मार्ग नाही. दादरला घरी जायलासुद्धा मार्ग नाही.

"बघ," शरदचंद्र म्हणाले, आणि आवाजात चक्क समाधान होतं. "आजवर कोणी खरं सांगत नव्हतं. हे यंत्र प्रामाणिक आहे. एवढी गाडी या शहरातून निघू शकत नाही. मी विल्फ्रेडशी बोलून येतो, आणखी महिनाभर जागा देतो का ते."

ते उतरून गेले. उर्मिलाबाई बसल्या जागी थिजल्या. मार्ग उपलब्ध नाही? अहो, ज्या मुंबईतून क्रेन जातात, गणपती जातात, पवनचक्कीची पाती लादलेले ट्रेलर जातात, तिथून ही एक गाडी जाणार नाही? आणि दर रविवारी हीच गाडी शीवला जाऊन आली, ती काय उडत? त्या चिडून पुढे वाकल्या आणि दिसेल न दिसेल त्या पडद्यावर बोटं फिरवू लागल्या. यंत्र बोटागणिक बोलू लागलं. आवाज. भाषा. वाहन. त्यांनी तिथे बोट दाबलं.

"वाहन की ऊँचाई, तेरह फुट," यंत्र म्हणालं. "चौड़ाई, दस फुट। लंबाई, तीस फुट।"

त्यांनी पुन्हा दाबलं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

शरदचंद्र परत येऊन चालकाच्या जागेवर बसले. म्हणाले, "विल्फ्रेड काही ऐकत नाही."

"अहो, ही गाडी किती उंच आहे?"

"साडेदहा. का?"

"मग यात तेरा कोणी घातले?"

त्यांनी यंत्राचा पडदा रुमालाने पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "थोडं जास्तीचं धरावं लागतं. गोदीत आम्ही जहाजाच्या तळाखाली नेहमी जास्तीचं पाणी धरायचो. ओहोटी असते, लाट असते..."

"आणि रुंदी? साडेसाताचे दहा?"

"वाऱ्याने जहाज बाजूला सरकतं ना."

"लांबी?"

"वळायला लागते."

"रे रोडला ओहोटी येते?" उर्मिलाबाईंचा आवाज वखारभर गेला. पलीकडे विल्फ्रेड काहीतरी घासत होता, तो थांबला. "अहो, तुम्ही त्या बिचाऱ्या यंत्राला आपली गाडी सांगितलीच नाहीत! तुम्ही सांगितलंत ते एक जहाज आहे. त्याला कुठून मिळणार रस्ता? आणि तीन यंत्रं खोटी ठरवलीत ती निराळीच. दिवाळीपासून! दिवाळीपासून मी बॅगा मनात भरतेय आणि रिकाम्या करतेय. तुम्हाला जायचंच नाहीये. तोंडाने सांगा ना एकदा, जायचं नाहीये म्हणून. मी एकटी जाईन. आगगाडीने जाईन. आपटेन, पडेन, पण जाईन!"

शरदचंद्र स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"मला भीती वाटते," ते शेवटी म्हणाले.

"कसली? चालवायची? मग ड्रायव्हर ठेवू."

"नाही गं." त्यांनी मान हलवली. "तुझं ते अमरकंटक बघून झालं की मग? मला वाटतं, तू त्याच्यासाठीच डोळे धरून ठेवले आहेस. ते बघितलंस की मग कशासाठी धरून ठेवशील? जोवर जायचं राहिलंय, तोवर..."

उर्मिलाबाईंना एकदम राग आला आणि तितकीच मायाही आली. एवढा शिकलेला माणूस, एवढा नेमका माणूस, जांभळ्या शाईने अरबी समुद्र दुरुस्त करणारा माणूस, आणि पोटात हा असला पोरकट नवस धरून बसलेला!

"माझ्या धरण्यावर असतं तर काय पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "ते थांबत नाहीयेत, अहो. कोणासाठीच थांबत नाहीयेत. तुम्ही टेबलाशी माझ्यासमोर बसता ना, तर संक्रांतीपासून मला तुमचा चेहरा दिसत नाही. दोन कान दिसतात. मध्ये धूर."

शरदचंद्रांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "संक्रांतीपासून? आणि तू बोलली नाहीस?"

"कोणाला बोलायचं? तुम्ही वायर सोडवत होतात."

पलीकडे विल्फ्रेडने पुन्हा घासायला सुरुवात केली, उगीचच, मोठ्याने.

शरदचंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग यंत्राकडे हात नेला.

"सांग," ते म्हणाले.

"उंची साडेदहा," उर्मिलाबाईंनी वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं. "रुंदी साडेसात. लांबी चोवीस. एक इंच जास्त घालाल तर याद राखा. आणि आवाज वाढवा त्याचा. जे यंत्र मला ऐकू येतं, ते पास. झाली परीक्षा."

"पण परळच्या पुलाची माहिती याच्यात..."

"झाली म्हटलं ना परीक्षा!"

यंत्राने क्षणभर विचार केला आणि भडोचपर्यंतचा रस्ता दाखवला. पहिलं वळण डावीकडे.

"आज?" शरदचंद्र म्हणाले. "आत्ता? गॅस भरलाय, पण पाण्याची टाकी..."

"विल्फ्रेडने भरली. मी काल सांगितलं होतं त्याला."

विल्फ्रेडने फाटक उघडलं. गाडीच्या कडेला दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "बाई, जावा आता बिनधास्त. सर, हळू पण मागे नाय फिरायचं हां!" मग त्याने स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडीच्या दिशेनेही एक केली. शरदचंद्रांनी गाडी इतक्या सावकाश बाहेर काढली की, मागून एका हातगाडीवाल्याने त्यांना शिव्या घातल्या.

यंत्र वडाळ्यापर्यंत बरोबर बोललं. शीवला आल्यावर मात्र त्याने डावीकडे वळून बंद पुलावर जायला सांगितलं. शरदचंद्रांचा पाय लगेच ब्रेकवर गेला.

"बघितलंस? नापा..."

"सरळ!" उर्मिलाबाई ओरडल्या. "सर्कलला सरळ, मग ठाण्याचा रस्ता. त्याचं ऐकू नका, माझं ऐका. पुढे गेलं की ते येतं वळणावर."

ते सरळ गेले. यंत्राने थोडी कुरकुर केली, मग नवीन रस्ता जुळवून घेतला. शीव मागे पडलं. चुनाभट्टी आली. रस्ता रुंद झाला आणि रविवारचा मोकळा मिळाला. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा उर्मिलाबाई नुसत्या समोर बघत बसल्या. समोर रस्त्याच्या मधोमध तोच धुरकट डाग होता. डाग पुढे, गाडी मागे, असा प्रवास. हे असंच बघायचं असेल नर्मदेला, तर असंच बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात उजव्या कडेला काहीतरी हललं. त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर गेलं असतं. समोर बघत असताना, डोळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, शरदचंद्र बसलेले दिसत होते. सगळे. नाक, हनुवटी, पांढऱ्या भुवया, आवळलेले ओठ, स्टिअरिंगवर पुढे झुकलेले. संक्रांतीनंतर पहिल्यांदा त्यांना आपला नवरा अख्खा दिसत होता. किती म्हातारा झालाय हा, त्यांना वाटलं. गाल बसले. दिवाळीपासून ह्याने खाल्लं तरी का नीट? त्या तशाच समोर नजर लावून, श्वाससुद्धा जपून घेत, घाटकोपर जाईपर्यंत त्यांना बघत राहिल्या.

मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, कानाखाली दाढीचा साबण तसाच आहे. तोंडाला फेस ठेवून निघालात नर्मदेला?"

शरदचंद्रांचा एक हात कानाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा स्टिअरिंगवर आला.

"दिसला तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसला म्हणून तर सांगतेय ना! आणि माझ्याकडे नका बघू, पुढे बघा. चालवा."